मोहाखालचा पुरावा

“विष्ठा म्हणजे जंगलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला इतिहास!” असं म्हणत प्रणित सर मोहाच्या झाडाखाली गुडघ्यांवर टेकले. इतिहास ताजा होता. वर दोन माशा बसल्या होत्या.

चांदी अस्वलाच्या सर्वेक्षणाचा तिसरा दिवस. नावाला अस्वल, अंगाने कुत्र्याएवढं, आणि वैनगंगेच्या या काठावर दहा वर्षांत कुणाला दिसलेलं नाही. शहरातून आलेल्या सहा स्वयंसेवकांनी श्वास रोखला. निम्म्यांनी भक्तीने, निम्म्यांनी वासाने.

सत्यशीलाबाईने पदर नाकाला लावला. स्वयंपाकाला आणि वाट दाखवायला तिला गावातून घेतलं होतं. कॅम्पमागचं हे झाड तिच्या वाट्याचं. परवाच तिने बुंध्याभोवतीचा पाचोळा झाडून जागा अंगणासारखी लख्ख केली होती. मोहफुलं पडायचे वर्षातले हेच वीस दिवस. आजची फुलं पडून तयार होती, टोपलीही तयार होती. आणि मधोमध हे.

सरांनी चिमट्याने तुकडा उचलून नाकाशी नेला.

“बघा, न पचलेली बी! लाल, मोठी. विक्की, लिहून घे. आहारात अज्ञात रानबी.”

विक्की म्हणजे बँकेतला चाळिशीचा साहेब. वही त्याच्याकडे होती. तो लिहीना. त्याचे कान मात्र लाल झाले.

बी सत्यशीलाबाईने ओळखली. राजमा. यांनीच शहरातून आणलेला. काल तिने दोन तास शिजवला, तरी कच्चाच राहिला. आणि सकाळी पाण्याची बाटली घेऊन या झाडामागे कोण गेलं, तेही तिने चूल पेटवताना पाहिलं होतं. घरोघरी संडास झाल्यापासून तिच्या गावातले म्हातारेही उघड्यावर बसत नव्हते.

“सर, हे जनावर मी पाह्यलं हाय,” ती म्हणाली.

सरांचे डोळे भरून आले. “प्रत्यक्ष? कधी?”

“आज सकाळीच.”

“स्वभावाने कसं आहे हो?”

“लाजते.”

चिमटा अजून सरांच्या नाकाशीच होता. सत्यशीलाबाईने टोपली उचलली, रिकामीच काखेत मारली आणि विक्कीकडे वळली.

“भाऊ, उद्यापासून तिकडं सागाखाली बसजा. इथली फुलं मले हातानं वेचा लागते.”