शंका असल्यास ताब्यात घ्यावे

"पावणं, वरचं बटन लावा."

भर दुपारी कोल्हापुरात मिरजकर तिकटीला नाईक पार्श्वनाथ मगदूमनं खाकी कोटातल्या म्हाताऱ्याला अडवलं. दंडावर लष्करी पोलिसाची पट्टी, डोक्यावर लाल टोपी, खिशात नियमांचं पुस्तक. बाजारात हिंडणाऱ्या शिपायांचा पोशाख बघायचा, एवढंच आजचं त्याचं काम. घराणं जयसिंगपूरचं, मुंगीला वाट देऊन चालणारं. नेमणूक झाली तेव्हा आईनं विचारलं होतं, "त्यात मारायचं असतंय का धरायचं?" नुसतं धरायचं, असं सांगून तो आला होता.

म्हातारा हलला नाही. "पावणं कुणाला म्हणतोस? सुभेदार हंबीरराव! टाचा जुळव आधी."

पार्श्वनाथच्या टाचा त्याला न विचारताच जुळल्या.

"पलटण कुठली?"

"संस्थानची."

"संस्थान विलीन होऊन दोन वर्षं झाली की! पलटण मोडली."

"मला कुणी मोडलेलं न्हाय."

माणसं जमू लागली. म्हाताऱ्याची बायको तानाबाई बाजाराची पिशवी घेऊन पुढं आली. "डॉक्टरनं डोळं तपासलं आन् पलटणीतनं घरला धाडलं ह्यास्नी," ती पार्श्वनाथला म्हणाली. "तवापासनं रोज ही कापडं घालून बाजारात येत्यात. आज पैल्यांदा कुणी अडवलं बघा."

पार्श्वनाथनं पुस्तक उघडलं. लष्करी पोलिसानं लष्करी कायद्याखालच्या माणसालाच धरावं, असं पहिल्याच पानावर होतं. त्याला हायसं वाटलं. "तुम्ही आमच्या कायद्यात बसत न्हाई, आबा. जावा घरला."

"जावा? बटन उघडं हाय माझं!"

"असू दे की."

"असू दे? शिस्त हाय का काय?"

इतका वेळ पानाच्या टपरीवर टेकून मजा बघणारे गावपोलीस गणपतराव आता पिंक टाकून पुढं आले. "त्यांच्या कायद्यात न्हाय तर मग आमचं गिऱ्हाईक. शिपाई नसताना शिपायाचा पोशाख घालणं गुन्हा हाय. तीन महिनं कळंब्याच्या तुरुंगात." मग त्यांनी आवाज उतरवला. "पर तात्या, वयाकडं बघून सांगतो. फकस्त एवढं म्हणा, मी शिपाई न्हाय. कोट काढा, वैनींसंगं घरला जावा. मिटलं."

"म्हणा की वो," तानाबाई म्हणाली.

हंबीरराव दोन पावलं मागं सरले. "हात लावू नकोस गणपत! मला धरायचा अधिकार तुझ्या बापाला न्हाय. ह्याला हाय." त्यांनी बोट पार्श्वनाथकडं केलं. "धर रं मला."

पार्श्वनाथनं नोकरीत पलटणीतनं पळालेले बघितले होते. खाटेखाली लपणारे बघितले होते. एक तर बायकोचं लुगडं नेसून चुलीपुढं बसला होता. धरा म्हणून हटून बसलेला हा पहिलाच.

"मला अधिकार न्हाय, आबा."

"शेवटचं पान काढ. वाच. मोठ्यानं."

पार्श्वनाथनं वाचलं. "माणूस लष्करी कायद्याखाली येतो किंवा नाही अशी शंका असल्यास, त्यास ताब्यात घेऊन ऑफिसरसमोर उभे करावे."

"शंका हाय का तुला?"

"कसली शंका?" गणपतराव हसले. "आख्ख्या कोल्हापूरला ठावं हाय."

पार्श्वनाथनं म्हाताऱ्याकडं नीट बघितलं. बूट इतके चकचकीत, की त्यांत टपरीवरची पानं दिसत होती. पाठ ताठ. अंगठा सावधानातल्यासारखा विजारीच्या शिवणीवर बरोबर.

"हाय," तो म्हणाला. "मोठी शंका हाय, साहेब."

गणपतरावांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं.

पार्श्वनाथनं तिथंच उभ्यानं कागद भरला. पलटण: संस्थानची, आता नसलेली, तीच लिहिली. हुद्दा: सुभेदार. गुन्हा: वरचं बटन उघडं. हंबीररावांनी कागद हातभर लांब धरून दोनदा वाचला आणि मान हलवली.

"रातच्याला जेवाय हाय का न्हाय तुम्ही?" तानाबाईनं विचारलं.

"न्हाय. पलटणीत जेवतो आज."

"आन् उद्या?"

"ते ऑफिसर ठरवंल."

गर्दीनं वाट दिली. पुढं कैदी, मागं नाईक. दहा पावलं झाली असतील नसतील, तोच हंबीररावांनी मागं न बघता, नुसत्या बुटांच्या आवाजावरून आरोळी ठोकली,

"नाईक! कदम बदल!"

पार्श्वनाथनं पाय बदलला.