शून्य करायचं राहिलं

पडद्यावरची दीर्घिका पाहून ऋजुता हादरलीच. खगोलशास्त्रज्ञ निमकर सर निवृत्त होत होते. त्यांच्या निरोप समारंभाच्या बॅनरसाठी तिने त्यांच्याच गणितातली गाजलेली दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची ती फिरती चकती, संगणकात पुन्हा घडवायला घेतली होती. यायला हवी होती परातीएवढी ऐसपैस, आली वाटीएवढी.

तिने सगळे आकडे तपासले आणि कपाळावर हात मारला. आरंभीच्या विश्वातलं चुंबकीय क्षेत्र शून्य करायचं ती विसरली होती! सरांकडे आलेला प्रत्येकजण पहिल्याच दिवशी ते शून्य करायला शिकायचा. "फ्रिजवरच्या चुंबकाच्या अब्जांशही नसतं ते," सर खेकसायचे. "त्याने काय दीर्घिका हलणार?"

इथे मात्र त्यानेच फिरत्या वायूचा वेग खाऊन दीर्घिका आक्रसवली होती.

"अगं, बॅनरचं कुठवर आलं?" चहाचा कप घेऊन सर आत आले. तिने घाबरत घाबरत चूक सांगितली. सर पडद्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवून पडद्याशेजारी धरला. दुर्बिणीतून दिसलेली ही दीर्घिका त्यांच्या गणितापेक्षा कायम लहानच भरायची आणि सर कायम दुर्बिणीलाच नावं ठेवायचे.

आज दोन्ही तंतोतंत जुळत होत्या. सरांच्या शर्टावर चहा सांडला होता, त्याचंही त्यांना भान नव्हतं. म्हणजे त्यांचं आजवरचं सगळं काम...? ऋजुताला पुढचा विचारच करवेना.

"सर, मी शून्य टाकून जुनीच काढते," ती पुटपुटली.

"हात लावशील तर खबरदार!" सर ओरडले. "बॅनरवर हीच छाप. फक्त तो 'निरोप' शब्द तेवढा काढून टाक."