धोका जास्त हाय

साजगावच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटणारी गंगाबाई फ्लूच्या तापाने अशी धापा टाकू लागली, की तिच्या मुलाने, कपिलने, तिला थेट दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्यूमोनिया आहेच, पण ट्रोपोनिनही वाढलंय. म्हणजे हृदयाला इजा होतेय. अशा पेशंटच्या जिवाला धोका जास्त असतो. आयसीयूत ठेवावं लागेल."

सोबत आलेल्या धाकट्या दिराने, कमळाकरने, त्यातला धोका तेवढा ऐकला. "कपिल, घरी नेऊ रं तिला. आपल्या माणसांत तरी जाईल."

डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेला संमतीचा कागद कपिलने नुसता हातात धरला.

तेवढ्यात गंगाबाईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला ओढला. "मी आजून हाय हितं! धोका जास्त हाय, तर इलाज बी जास्त करा की. घरी कशाला नेता?" दम लागला, तरी डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "सही माझी घ्या. काळीज माझं हाय."

आयसीयूत एकदा तिच्या हृदयाचे ठोके खरंच बिघडले. पण नर्सची नजर मशीनवरच होती, औषध लगेच मिळालं. महिन्याभरात गंगाबाई घरच्या ओट्यावर बसून, भेटायला येणाऱ्यांना चहा पाजत होती आणि कमळाकर सगळ्यांना ऐकवत होता, "डॉक्टरीणबाईंचा अंदाज पार चुकला बघा!"



"चुकला नाय, भाऊजी," गंगाबाई म्हणाली. "मी तो खरा धरला, म्हनून तर वाचले."