‘उलटी खाट’चं पान

"अर्धी मिशी," गयासुद्दीन म्हणाला. "जो हारन त्याची. भर चौकात."

"डावी का उजवी?" देवरावनं विचारलं.

"हारणाऱ्याची मर्जी."

समोरच्या सलूनातून नत्थुजीनं हे ऐकलं. गिऱ्हाइकाला तसंच फेसात बसवून तो धावत गयासुद्दीनच्या शिलाईच्या दुकानात आला. "मजुरी नाई घेत म्या. पण वस्तरा माहा!"

पैज लागली ती एका पानावर. सत्तावीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या लोकल केबलवर दर रविवारी ‘उलटी खाट’ लागायचं. अर्ध्या तासात पाच-सहा नकला. त्यात लग्नाला घरचा कूलर घेऊन येणारा अन् मांडवात तो फक्त स्वतःकडे वळवून बसणारा पाहुणा म्हणजे देवराव. आजही अमरावतीच्या स्टँडवर कुणीतरी ओरडतं, "देवरावभाऊ, कूलर कुठी हाय?" आणि देवराव मंत्र्यासारखा हात हलवतो.

तो कूलरवाला पाहुणा खरा होता. गयासुद्दीनचा सख्खा मामू. गयासुद्दीननं कापड कापता कापता तो किस्सा सांगितला आणि देवरावनं तो टीव्हीवर केला. पुढच्या साऱ्या नकलाही गयासुद्दीननंच रचल्या. केबलवाल्यानं मात्र ज्याचं तोंड दिसतं त्याचंच नाव दाखवलं. तेव्हापासून कुणी देवरावला हाक मारली की गयासुद्दीनची कैची वाकडी चालायची.

आता देवरावच्या पोरीनं, आरतीनं, नेटवरच्या ज्ञानकोशात ‘उलटी खाट’चं पान केलं होतं. त्यावर लाल पाटी लागली. हा कार्यक्रम नोंद घेण्याजोगा आहे याचा छापील पुरावा सात दिवसांत द्या, नाहीतर पान काढू. देवराव म्हणाला, पान राहीन. गयासुद्दीन म्हणाला, उडन.

"चाचा, तिथं मतं मोजत नाईत," आरतीनं त्याला समजावून सांगितलं होतं. "उलट एकाच गल्लीतले लोक मतं द्याले गेले तं लबाडी समजतात."

गयासुद्दीननं हे नीट ऐकून घेतलं. संध्याकाळी मोहल्ल्याच्या ग्रुपवर त्याचाच मेसेज पडला : आपल्या देवरावच्या पानाले वाचवा, तिथं जाऊन ‘ठेवा’ म्हणून लिहा.

अख्खा मोहल्ला, सारी जठारपेठ तुटून पडली. एक्केचाळीस जणांनी लिहिलं. कुणी गुलाबाचं फूल टाकलं, कुणी गुड मॉर्निंग. वच्छलाबाईनं लिहिलं, ‘ठेवा, माणूस गरीब हाय.’ केशवरावनं मत देऊन खाली आपल्या हरवलेल्या चष्म्याची माहितीही टाकली. सारे म्हणाले, दोस्त असावा तं गयाससारखा.

तिसऱ्या दिवशी तिथल्या जाणकारांचा शेरा आला : एका संध्याकाळी एक्केचाळीस नवी खाती, सारी एकाच भागातली. मतं बाद. पान काढावं.

गयासुद्दीननं त्या दिवशी दोनदा चहा मागवला.

पाचव्या दिवशी देवराव स्वतःच आला. "हारलो बाप्पा. नत्थुजी, खुर्ची बाहेर काढ."

"अजून दोन दिवस हायेत ना," नत्थुजी म्हणाला.

"मढं झाकून ठेवलं म्हणून उठते काय? काढ."

खुर्ची चौकात आली. दीडदोनशे माणूस जमलं. तोंडाला फेस लावलेल्या देवरावनं बसल्या बसल्या कूलरवाला पाहुणा केला. माणसं पोट धरून हसली. दोन पेपरवाले आले होते, एक अकोल्याचा, एक अमरावतीचा. फोटो काढले, मग देवरावला बाजूला नेऊन बराच वेळ लिहून घेतलं.

गयासुद्दीन पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होता. पिटता पिटता त्याच्या ध्यानात आलं, की जिंकलेल्या माणसाकडे कुणीच पाहून नाही राहिलं. मिशी देवरावची गेली अन् मानही देवरावलाच.

दुसऱ्या दिवशी पेपरात अर्ध्या मिशीचा फोटो. खाली हा एवढा मजकूर. गयासुद्दीननं फोटो पाहिला, पेपर टेबलावर पसरला आणि त्यातून कॉलरचा साचा कापला. बरोबर देवरावच्या नाकावरून.

सातव्या दिवशी लाल पाटी गेली. दोन वर्तमानपत्रांनी दखल घेतली, पान ठेवलं.

खुर्ची पुन्हा चौकात आली. आता गयासुद्दीन बसला. नत्थुजी फेस लावत होता. देवराव अर्धी मिशी घेऊन बाजूलाच उभा होता.

"लेका, तू जाणूनबुजून हारला," गयासुद्दीन फेसातून बोलला.

"मंग? पुरावा छापून पाहिजे होता. अन् कोणाची मिशी उडाल्याशिवाय पेपरवाले जठारपेठेत येतात काय?"

गर्दी हसली. देवरावनं मोबाईल त्याच्या डोळ्यापुढे धरला. "हे पाय."

पानावर एक नवी ओळ होती. ‘लेखन : गयासुद्दीन, शिंपी, जठारपेठ, अकोला.’ शेजारी दोन्ही पेपरांचा दाखला.

"पेपरात आलं होतं ना बे. वाचलं नाई काय?"

गयासुद्दीननं ते कापलं होतं. वाचलं नव्हतं. नत्थुजी वस्तरा उचलून थांबला.

"इतकंच होतं तं," गयासुद्दीन म्हणाला, "पह्यलेच टाकाचं माहं नाव."

"टाकलं होतं की. आरतीच्या हातून तीनदा टाकलं. पुरावा नाई म्हणून तीनदा काढलं त्यायनं. चौथ्यांदा टाकलं तं अख्खं पानच काढाले निघाले."

गयासुद्दीननं मान मागे टेकली अन् डोळे मिटले.

"नत्थुजी," तो म्हणाला, "अर्धी नको. पुरी काढ."