दोघं

"किती जण?" छावणीच्या हेडबाईंनी मान वर न करताच विचारलं.

"दोघं," म्हातारा म्हणाला.

शाळेच्या पायरीवर बसून म्हातारी ओली शाल पिळत होती. तिचे हात थांबले.

हेडबाईंनी वहीत दोनचा आकडा टाकला आणि खोली चारची चिठ्ठी फाडून दिली. आधी डोकी, नावं मागाहून, हा त्यांचा खाक्या. मागे शंभरेक माणसं निथळत उभी होती आणि होड्या येतच होत्या. कुटुंबं असतील ती शाळेत. एकटी माणसं ट्रकने थेट दूरच्या गोदामात, पूर ओसरेपर्यंत. तिथे एकदा गेलं की ना कुणाची खबर, ना निरोप.

म्हातारीला गोदामात जाऊन चालणारच नव्हतं. लेक दुसऱ्या शहरात. फोन पाण्यात जायच्या आधी ती एवढंच ओरडली होती, "आई, टेकडीवरच्या शाळेत जा. मी येते. काही झालं तरी तिथून हलू नकोस." म्हातारीने होडीत हे इतक्यांदा सांगितलं होतं की नावाड्यालाही पाठ झालं होतं.

खोली चारमध्ये सहा कुटुंबं कोंबली होती. मध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी. चादरीपलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळायचं. या दोघांच्या वाट्याला दोन चटया आणि एकच घोंगडी आली. शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको. शिंपिणीच्या तोंडाचा पट्टा पुरातसुद्धा बंद पडला नव्हता.

"अहो, काय ते घोरणं!" सकाळी उठल्या उठल्या म्हातारी कडाडली. "छप्पर यायचं खाली!"

"अजून तरी जागेवर आहे," म्हातारा म्हणाला आणि चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दोन पेले घेऊन आला. त्यातला जास्त भरलेला पुढे केला. "तुम्ही घ्या आधी."

शिंपिणीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघा! या वयातही बायकोला अहो-जाहो करतात. नाहीतर तुम्ही!"

"उद्यापासून तुला बाईसाहेब म्हणतो, मग तर झालं?" शिंपी म्हणाला. खोली हसली. म्हातारी खाली बघून बिस्किट बुडवत राहिली.

"मुलं किती हो तुम्हाला?" शिंपिणीने म्हाताऱ्याला विचारलं.

"हिला विचारा. ते सगळं हिच्याकडे."

"एकच लेक," म्हातारी घाईने म्हणाली. "आज येईलच."

लेक त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पूल पाण्याखाली गेला आहे, असं कुणीतरी म्हणालं. म्हातारीचा जीव टांगणीला लागला. गाडीचा आवाज आला की ती खिडकीकडे धावायची आणि तशीच परत यायची. म्हाताऱ्याने तिची चटई खिडकीखाली सरकवून दिली. स्वतः दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत जाऊन झोपला.

तिसऱ्या दिवशी हेडबाई वही घेऊन खोलीत शिरल्या. तीन दिवसांत त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"काही एकटी माणसं खोटं सांगून कुटुंबांत घुसलीत," त्या म्हणाल्या. "गोदामाचा शेवटचा ट्रक आज आहे. सापडलं की सरळ ट्रकमध्ये. मग माझ्या नावाने खडे फोडू नका."

एकेक चादर बाजूला करत त्या इथवर आल्या.

"ओळखपत्रं?"

"वाहून गेली."

"दोघांचीही?"

"दोघांचीही."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"एकेचाळीस," म्हातारा म्हणाला.

"त्रेचाळीस," म्हातारी त्याच दमात म्हणाली.

शिंपी उगीचच खोकला. हेडबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग कपाळाला हात लावला.

"आमचे हेही असेच. साधी तारीख लक्षात राहत नाही," म्हणत त्या पुढच्या चादरीकडे वळल्या.

म्हातारीने चादर पुन्हा ओढून घेतली. "एकेचाळीस कुठून काढलंत?" ती दबक्या आवाजात भडकली. "तोंडाला येईल ते ठोकून द्यायचं!"

"घाबरलो हो," म्हातारा म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी पूल मोकळा झाला. तासाभरात लेक दारात उभी, गुडघ्यापर्यंत चिखल.

"आई!"

म्हातारी हंबरडा फोडून तिच्या गळ्यात पडली. शिंपीण रडली, शिंपीही रडला. हेडबाईंनी डोळे टिपले आणि वही पुढे केली.

"आईवडिलांना नेताय ना? इथे सही करा. तुमच्या वडिलांनी फार सांभाळलं हो आईला."

"असा नवरा मिळायला नशीब लागतं," शिंपीण म्हणाली.

लेकीने पेन घेतलं आणि ती तशीच थांबली. "वडील? बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली."

म्हातारा खाली बसून घोंगडीची घडी घालत होता. तो घालतच राहिला.

"मग हे कोण?" हेडबाईंनी विचारलं.

"तेच विचारायचंय मला चार दिवस. पण इथे जिकडेतिकडे कान," म्हातारी म्हणाली. तिने डोळे पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अहो, आता तरी सांगा. नाव काय तुमचं?"