ह्यांचा रकाना

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

घरकामाच्या पाळ्यांचा तक्ता मी कॉम्प्युटरवर करते आणि छापून फ्रिजवर लावते. पहिल्यांदा केला तेव्हा ह्यांनी माऊस हिसकावला आणि स्वतःचा रकाना ओढून इतका रुंद केला, की माझा कागदाबाहेर गेला आणि माझी भांडी शेजारणीला घासावी लागली! आणि त्या रुंद रकान्यात काम काय, तर एकच: सकाळचा चहा.

"एवढी ऐसपैस जागा कशाला हो?" मी विचारलं.

"बसायला," हे म्हणाले.

मागच्या वर्षी हे गेले. परवा सून हळूच म्हणाली, "आई, बाबांचा रकाना काढायचा का आता?"

मी डिलीट दाबलं. चहा पुसला गेला, रकाना मात्र रिकामा तसाच. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, पण तो काही केल्या जाईना.

"राहू दे गं," मी म्हणाले. "मला नाही जमत."

 

 

भांडी शेजारणीनंच घासली, हवं तर विचारा तिला. खोटं एवढंच, की रकाना काढायला मला जमत नाही.