ऐंशी वर्षांची बेरीज

बोरगावचा कवडू पांढुर्ण्याला दत्तात्रय सरांच्या घरी आला, तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता. त्याचा वैभव आणि सरांचा पंकज वर्षभरापूर्वी सोबतच इस्राएलला बांधकामाच्या कामावर गेले होते.

कवडूने मोबाइलवरचा व्हिडिओ लावला. ज्यू लोकांचा देश १९४८ साली उभा राहिला, त्यात बायबलातल्या एका पिढीची ऐंशी वर्षं मिळवा, शेवटच्या संकटाची दोन वर्षं वजा करा. म्हणजे यंदाच, २०२६ मध्ये, तिथे सगळं जळून खाक होणार, असं कोणी तरी ठासून सांगत होतं.

"वैभवची माय चार दिवसांपासून जेवून नाही राहिली जी. तुम्ही गणिताचे सर, तुम्हीच पाहा."

सरांनी वहीत तीनदा आकडेमोड केली.

"कवडूभाऊ, यानं सुरुवातीचं सालच चुकीचं धरलं. काही होत नाही. जा, वहिनीला जेवू घाला."

कवडूने डोळे पुसले, हात जोडले आणि तो बसस्टँडकडे निघाला.

 

तो वळणाआड होताच सरांनी पंकजला फोन लावला, "मिळेल त्या विमानानं निघ बेटा. वैभवलाही घेऊन ये."